तानपुऱ्यामागची जागा

धायरीत, आमच्या सोसायटीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, किराणा दुकानाच्या वर एक छोटं कला केंद्र आहे. एक हॉल, सतरंज्या, गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. दारात पाटी: ‘मोबाईल बंद ठेवा. वाजल्यास गाणे थांबेल.’ तिथे परवा माझ्या मैत्रिणीचं गाणं होतं. आम्ही दोघी एकाच बाईंकडे शिकलो. ती गात राहिली, मी नोकरी-संसारात सोडून दिलं. तिचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकते.

सकाळी तिचा फोन आला. “अगं, तानपुऱ्याला बसणारी माझी शिष्या तापाने झोपलीये. तू बसशील?”

गाणाऱ्याच्या मागे तानपुरा घेऊन शिष्याने बसायचं, अशी रीत. मी हो म्हणाले, आणि दिवसभर स्वतःवरच चिडले.

गाणं छान रंगलं. जरा वाईट गायली असती तर मला बरं वाटलं असतं. मग ती म्हणाली, “आता पूरिया रागातली एक बंदिश. आमच्या बाईंनी ही फक्त मला दिली होती.” असं म्हणून तिने, गुरूचं नाव घेताना लावतात तसा, कानाच्या पाळीला हात लावला.

माझी बोटं तारांवर चुकली. कारण ती बंदिश बाईंनी मला दिली होती. खिडकी लावून घेऊन, शेजारी बसवून. “ही फक्त तुझी. कुणाला ऐकवू नकोस,” म्हणाल्या होत्या. मी खरंच कुणाला ऐकवली नाही. इतकी वर्षं कुकरच्या शिट्ट्यांत तेवढी गुणगुणत आले. हिला कधी दिली? किती वेळ शेजारी बसवलं? बाई आता नाहीत, विचारणार कुणाला? मला बाईंचाही राग आला, पण तिचा जास्त.

अंतऱ्याआधी ती पाणी प्यायला थांबली. अशा वेळी मागच्याने सूर धरायचा असतो. मी सूर धरला नाही, सरळ अंतराच म्हटला. सगळा, बाईंनी शिकवला तसा. समोरून “वा!” अशी दाद आली. तिने वळून पाहिलं, आणि तिचा चेहरा पडलेला बघून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

कार्यक्रम संपला. मी तानपुऱ्याला गवसणी चढवत होते. मागे खुर्चीवर बसलेले एक आजोबा काठी टेकत तिच्याजवळ आले.

“अहो, शिष्या चांगली तयार केलीत तुम्ही. उशिरा सुरुवात केलेली दिसतेय, पण मेहनत आहे.”

आता ही सांगेल, असं मला वाटलं. ‘ही पंचावन्न वर्षांची, पांढऱ्या केसांची मैत्रीण माझ्याच बरोबरीने शिकली,’ असं एक वाक्य. ती माझ्याकडे बघून हसली.

“आमच्या बाईंची कृपा,” म्हणाली, आणि कानाला हात लावला.

बाईंचं नाव निघालं, तसा सवयीने माझाही हात कानाला गेला.

“बघा,” आजोबा खूश होऊन तिला म्हणाले, “तुमचं बघून बघून हेही शिकली.”