हळदीच्या गाण्यातली गावं

तुमच्या घरच्या हळदीला घसा बसेपर्यंत गाणाऱ्या बायकांपैकी किती जणींची नावं तुम्हाला सांगता येतील? ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची सून’ चालणार नाही. त्यांचं स्वतःचं नाव, आणि त्या कुठल्या गावाहून तुमच्या गल्लीत आल्या, एवढं सांगा.

गाव सोडलं त्या सकाळी मला कुणी हे विचारलं असतं तर मी भांडायलाच उठले असते. मला विचारता? अमळनेरच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागली होती. धुळ्याला उतरून पुण्याची धरायची होती. आबा, माझे वडील, बॅग सीटखाली सरकवत होते. आमच्या गल्लीतल्या सुमनअक्का गावाहून खास निरोपाला आल्या होत्या. खिडकीतून कळण्याच्या भाकरीचं गाठोडं आत देत त्या म्हणाल्या, “पुनाले जाईसन ‘हो ना, हो ना’ करशी, आनि आम्हले इसरी जाशी.” मी घोषणा दिल्यासारखं ओरडले, “नही इसरनार!” अख्खी गाडी हसली. माझ्याकडे रडायला वेळ नव्हता. मी जग बदलायला निघाले होते.

हे जग बदलण्याचं खूळ आबांचं. ते अमळनेरला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. हमालांची, जिनिंगमधल्या मजुरांची, पाण्यासाठी बसलेल्या बायकांची पत्रकं सुट्टीच्या दिवशी तेच छापायचे. मी पाटीआधी पत्रकं वाचली. घरभर वाळत घातलेल्या कागदांमधून पाय न लागता चालायला शिकले. माझं नावही तिथूनच उचललेलं: क्रांती. गल्लीने त्याचं ‘क्रांते’ केलं आणि त्यातली सगळी हवा काढून टाकली.

पुण्यात मी दिवसा एका प्रकाशनात मुद्रितं तपासते आणि दर शुक्रवारी रात्री अकरा ते एक एका कम्युनिटी रेडिओवर गाणी लावते. स्टेशन म्हणजे एका संस्थेच्या गच्चीवरची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. ट्रान्समीटर शहराचा एक कोपरा जेमतेम गाठतो. बाकीचे मोबाइलच्या अ‍ॅपवर ऐकतात. कार्यक्रमाचं नाव मी भांडून अहिराणीत ठेवलं: ‘बठ्ठं चालस’. म्हणजे सगळं चालतं. आणि खरंच चालतं. साक्री-नवापूरकडची फुंकून वाजवायची पावरी, तिला लागून आफ्रिकेतली गिटार. जयंतीच्या गायन पार्टीचं रेकॉर्डिंग, त्यानंतर बल्गेरियाच्या बायकांचा कोरस. धुळ्याच्या लग्नातला बँड, मग काहीही. वॉचमन, नर्सबाई, पार्सल पोचवणारी पोरं मेसेज करतात: ताई, हे काय होतं? परत लाव.

मोठ्या वाहिन्यांवर माझा राग होता, अजून आहे. आमची भाषा त्यांना फक्त विनोदाला लागते. माझ्या कार्यक्रमात ती गाण्याला लागेल, असं मी पहिल्याच भागात माइकवर ठणकावलं होतं. म्हणूनच पुढे जे केलं त्याची लाज जास्त वाटते.

चुलतभावाच्या हळदीला मी रेकॉर्डर घेऊन गावी गेले. सुमनअक्का आमच्या गल्लीच्या मुख्य गाणारीण. त्यांच्या हळदीच्या गाण्यात एक ओळ फिरत राहते: मांडवात कोण आली, हळद कुणी कुटली. दर फेरीला त्या ओळीत एका बाईचं नाव पडतं. इतर गल्ल्यांत नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव घेतात. अक्का बाईचं स्वतःचं नाव घेतात, आणि त्याच्या आधी तिचं माहेर. पारोळानी विमल. चोपडानी लीला. शिरपूरनी वत्सला. एकही सुटता कामा नये. सुटली तर ती बाई उठून घरी जाते आणि लग्न संपेपर्यंत तोंड दाखवत नाही. त्यामुळे गाणं पाऊण तास चालतं.

पुण्यात येऊन मी ते ऐकलं आणि मला वाटलं, किती सुंदर, पण किती लांब. तीच चाल, तीच ओळ, फक्त नावं बदलतात. मी सुरुवातीच्या दोन फेऱ्या ठेवल्या, शेवटचा चढता आवाज ठेवला, मधली सगळी नावं कापली. चार मिनिटांचं नेटकं गाणं झालं. मूळ फाइल मोठी होती, स्टेशनच्या कॉम्प्युटरवर जागा नव्हती, पुसून टाकली. मग गावी फोन केला: शुक्रवारी अक्काचं गाणं लागणार, सगळ्यांनी ऐका.

शनिवारी सकाळी अक्कांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

“क्रांते, आम्हना गाव कथा गयात व?”

आमची गावं कुठे गेली? मला आधी कळेनाच. मग त्यांनी सांगितलं. आमच्या शेजारच्या कमलकाकू लग्न होऊन साक्रीहून आल्या त्याला चाळीसेक वर्षं झाली. त्यांचा थोरला भाऊ तिकडे अंथरुणाला खिळलेला. काकूंचे गुडघे गेलेले, त्यांनाही जाणं होत नाही. काकूंनी त्याला निरोप धाडला होता: रात्री रेडिओवर साक्रीचं नाव येणार, माझं नाव येणार, जागा राहा.

“तिना भाऊ कानले फोन लाईसन बठेल व्हता,” अक्का म्हणाल्या. “तू बल्गेरिया लायं. साक्री नही लायी.”

मी कापाकापीचं तांत्रिक कारण सांगू लागले. फोन कधीच ठेवला गेला होता.

आबांना कळलं तेव्हा ते प्रमाण मराठीत बोलले. घरात ते अहिराणी बोलतात. प्रमाण मराठी निघाली की समजायचं, फार चिडलेत. “जागा कमी पडली तर आम्ही टाइप बारीक करायचो. खाली सही करणाऱ्याचं नाव कधी गाळलं नाही.”

त्या रात्री मला पहिल्यांदा एक गोष्ट नीट दिसली. इतकी वर्षं मी गाव सोडल्याचं दुःख मिरवत होते, कविता करत होते, माइकवर आवाज जड करत होते. आणि आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई गाव सोडून आलेली. कुणी शिरपूरची, कुणी चोपड्याची. त्यांना स्टँडवर सोडायला आलेल्यांना त्यांनी घोषणा दिल्या नव्हत्या. आल्या त्या दिवसापासून त्या कुणाच्या तरी सुना झाल्या. त्यांच्या गावाचं नाव मोठ्याने घेतलं जाई ते एकाच जागी, हळदीच्या त्या ओळीत. तेवढंच मी कंटाळवाणं म्हणून कापलं होतं.

मी अक्कांना पुन्हा गायची विनंती केली. “हळद नही ते गानं कसानं?” त्या म्हणाल्या. लग्नाशिवाय हे गाणं होत नाही. मी पुढच्या हळदीची वाट पाहिली. सात महिन्यांनी गल्लीत एक लग्न निघालं. मी सुट्टी टाकून गेले. रेकॉर्डर एका पाटावर ठेवला आणि या वेळी बाजूला उभी न राहता बायकांच्या रिंगणात बसले. कमलकाकू माझ्याकडे पाहून पदर सावरत दुसरीकडे बघू लागल्या.

अक्का गायल्या. पारोळानी विमल. चोपडानी लीला. साक्रीनी कमल. काकूंचा चेहरा ओळीपुरता फुलला आणि पुन्हा मिटला. मग, यादी अर्धी झाली असेल, अक्कांनी माझ्याकडे बघून ओळ उचलली: आम्हनी क्रांती. लग्न न झालेल्या पोरीचं नाव त्या गाण्यात घेत नाहीत. रिंगणात खसखस पिकली. अक्कांनी गाणं थांबवलं, रेकॉर्डरकडे बोट केलं आणि म्हणाल्या, “आते काप बरं!”

नाही कापलं. त्यांचं ते वाक्यसुद्धा नाही, मागचं हसणं नाही, मध्येच रडलेलं पोर नाही. पाऊण तास सलग लावलं. यंत्रावर बसणारा माझा सहकारी मधून मधून घड्याळ दाखवत होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

सकाळी कमलकाकूंचा फोन आला. त्यांनी मला आधी कधी फोन केला नव्हता.

“उनं मनं नाव,” त्या म्हणाल्या. आलं माझं नाव.

मी विचारलं, भाऊंनी ऐकलं का? त्या म्हणाल्या, त्याला या वेळी सांगितलंच नाही. न जाणो पुन्हा कापलं असतं तर. “आते सांगस. परत लावशी ना?”

त्या एका ‘परत’पुढे माझी आजवरची सगळी भाषणं फिकी पडली. आमच्याकडे तेच गाणं लागोपाठच्या शुक्रवारी न लावण्याचा नियम आहे. नियम मीच केलेला. पुढच्याच शुक्रवारी मीच मोडला. दुसऱ्या दिवशी काकूंनी कळवलं: भाऊ ऐकत होता, आणि नाव आलं तेव्हा त्याने मोठ्याने सुनेला हाक मारून उठवलं. एवढंच.

आता मला घर कुठे आहे विचारलं तर मी पिन कोड सांगत नाही. आपल्या नावाआधी जो शब्द कुणीतरी मोठ्याने लावतं, तेवढं आपलं घर. तो आपला आपण लावून चालत नाही. मी पुण्यात लावून पाहिला, पोकळ वाजतो. अक्कांनी माझ्या नावाआधी गाव लावलं नाही, ‘आम्हनी’ लावलं. ते घेऊन मी परत आले आणि अजूनही परक्या शहरात भाड्याच्या खोलीत राहते. त्यात फार मोठी तक्रार नाही. शिरपूरची वत्सला आणि पारोळ्याची विमल याहून कमी घेऊन जगल्या.

तुम्ही गावात असा की गाव सोडलेले असा, एक करा. तुमच्या ओळखीत गाणारी जी बाई असेल, तिला आजच फोन लावा. तिचं गाणं मागू नका. आधी तिचं माहेर विचारा, आणि तिच्या गाण्यात कोणाकोणाची नावं येतात ते विचारा. ती सांगेल ती सगळी, एकही न गाळता, तिच्याच क्रमाने वहीत लिहून घ्या. कंटाळा येईल. येऊ द्या. लिहीत राहा.