पथकानं साक्षर केलेली बाई

कॉलेजच्या सेवा पथकाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी पथकाची जुनी विद्यार्थिनी, त्यातून शिक्षिका, आणि मला नाही म्हणता येत नाही. प्राचार्यांनी अहवालांचं बाड पुढ्यात टाकलं आणि म्हणाले, "स्मरणिकेसाठी चार पानं लिहा मॅडम. जरा भारदस्त होऊ द्या." बाड उघडलं तर काय, दर वर्षीचा अहवाल तोच! श्रमदान, प्रभातफेरी, ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद. गावाचं नाव तेवढं वेगळं, आणि एका वर्षी तर तेही बदलायचं राहून गेलेलं. यातून काय कपाळ इतिहास लिहायचा?

पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या पदरात होती. मी दुसऱ्या वर्षाला असताना मोताळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यात आमचं सात दिवसांचं शिबिर झालं. त्या साली पोरींना हुकूम होता, प्रत्येकीनं गावातली एक निरक्षर बाई धरायची आणि तिला लिहायला शिकवायचं. पहिल्या दिवशी कागदावर तिचा अंगठा, सातव्या दिवशी त्याच कागदावर तिची सही. सही नाही तर प्रमाणपत्र नाही. बाकीच्या पोरी रडकुंडीला आल्या. एकीची बाई तिसऱ्या दिवशी कापूस वेचायला म्हणून जी गेली, ती शिबिर उठेस्तोवर फिरकली नाही.

माझ्या वाट्याला आली एक नवी नवरी. माझ्याच वयाची, डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. चौथ्या दिवशी तिनं सही केली. सहाव्या दिवशी आम्ही शिकवायला नेलेली अख्खी पुस्तिका घडाघडा वाचली, पानं उलटताना बोट जिभेला लावून. तिची सासू तोंडावर हात ठेवून बघत राहिली. शिबिर घेणाऱ्या सरांनी माझा कागद चौकटीत बसवून पथकाच्या खोलीत लावला. मी तर हवेतच गेले. घरचे बँकेच्या परीक्षा दे म्हणून मागे लागले होते, मी हट्टानं डी.एड.ला गेले आणि उभी नोकरी पहिलीच्या वर्गात काढली.

म्हणून ठरवलं, स्मरणिकेच्या प्रकाशन समारंभात त्या बाईलाच स्टेजवर आणायचं. एका रविवारी मोताळ्याला उतरून ऑटोनं त्या गावात गेले. घर सापडलं. तिनं मला लगेच ओळखलं. नवरा शेतात गेला होता. तिनं चहा ठेवला, मी सत्काराचं सांगितलं, तशी ती चुलीजवळून उठून माझ्यासमोर येऊन बसली.

"ताई, मी सातवी पास होती," ती म्हणाली.

"केव्हा?" मी बावळटासारखं विचारलं.

"लग्नाच्या आधी. तिकडं जानेफळच्या शाळेत. मालक तिसरीतून शाळा सोडलेले. नवऱ्याहून शिकलेली सून घरात नको, असं सासऱ्याचं म्हणनं. मंग आमच्या बाबानं सांगतलं, पोरगी शाळेत गेलीच नाही म्हून. वरीसभर कागदाचा तुकडाही हातात घेतला नाही मी. अन् मंग तुम्ही आल्या."

"अन् मी शिकवत होते तेव्हा?"

"तेव्हा मी शिकत होती ना बाप्पा! सात दिवस कसे काढले, माहं मले माहीत. 'क' मुद्दाम उलटा काढला म्या. पन कॉलेजवाल्यांनी शिकवलं म्हटल्यावर सासऱ्याले नाही म्हनता आलं नाही, त्या दिवसापासून घरात उघड वाचता आलं. देवाशप्पथ ताई, तुमचे लय उपकार झाले."

उपकार म्हणे! मला आधी सणसणीत राग आला, पण तो कोणावर काढावा तेच कळेना. तिच्यावर? तिनं तर बिचारीनं वाट काढली. तिच्या बापावर? सासऱ्यावर? खरा राग माझा मलाच आला होता. पहिलीतल्या पोराला 'प' आणि 'ष' वेगळे कळायला दिवाळी उजाडते, हे मला आयुष्यभर रोज दिसत होतं. तरी सात दिवसांत एक बाई वाचायला लागली, आणि ती माझ्यामुळे, हे मी कधी तपासून पाहिलं नाही. मग मी शिक्षिका झाले ते कशाच्या जोरावर? मी तिला काहीच दिलं नाही, की सगळ्यांत मोठं तेच दिलं? मला अजूनही ठरवता येत नाही.

"आता सासू-सासरे नाहीत," भिंतीवरच्या त्यांच्या हार घातलेल्या फोटोंकडे बघत मी म्हणाले. "आता सांगून टाका ना नवऱ्याला."

"कसं सांगू? इतके वरीस झाले. माह्या बापानं फसवलं असं होईन, अन् मीबी त्यात. स्टेजवर बोलवा, पायजे तर पुन्हा अंगठा देतो, पन हे लिहू नका ताई. हात जोडतो."

तेवढ्यात नवरा आला. अंगणात पाय धुतले, मी कोण ते कळल्यावर लांबूनच हात जोडले. भला माणूस. बायको दुपारी पेपर वाचून दाखवते, सोयाबीनचा भाव, बिलं, पोरांची पत्रं सगळं तीच पाहते, हे कौतुकानं सांगत राहिला. माझी मान वर होईना.

"मॅडम, मी तीन वरीस शाळेत गेलो," तो म्हणाला. "मास्तरनं लय मारलं, पन मले काही आलं नाही. मास्तर म्हने, तू ढोर हायेस. मले वाटे, मास्तर रागानं म्हनते. मंग तुम्ही आल्या, अन् हिनं सात दिवसांत करून दाखवलं. तवा मले पटलं, मास्तरचं खरं होतं."

तो हे हसत सांगत होता. मी तिच्याकडे पाहिलं. खाली मान घालून कपबशा गोळा करता करता तिचे हात थांबले होते.

"सगळ्यांनाच सात दिवसांत येत नाही, भाऊ," मी कसंबसं म्हणाले.

"हाव ना मॅडम," तो म्हणाला, "डोकं लागते त्याले."