शांत आकडा

आज जुन्या रेडिओला सोल्डरिंग करताना राळेचा धूर नाकात गेला आणि देवासचं आमचं वर्कशॉप आठवलं. बॉयलरचा दाब दाखवणारं मीटर बनवत होतो. दाब आकड्यात बदलणाऱ्या दोन चिप्स टेबलावर होत्या, एक चपळ, एक संथ. चपळ चिपचा आकडा सारखा थरथरायचा. संथ चिप सरासरी काढून स्थिर आकडा दाखवायची.

"संथवाली लाव, सूनबाई," मामंजी म्हणाले. "आकडा हलला की गिऱ्हाईक मीटरच खराब समजतं."

"पण मामंजी, दाबाचे झटके दिसणारच नाहीत."

"नकोच आहेत त्यांना."

देवासजवळच्या टोंकखुर्दच्या एका कारखान्यात मीटर बसलं. मामंजींनी त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. बॉयलर सांभाळणाऱ्या भैयांना तिकडच्या बोलीत सगळे भिया म्हणत; ते खूश होते. "पुराना काँटा तो नाचता था, भाभी. ये देखो, कितना शांत!"

मी जवळच्या कठड्याला हात टेकला. लोखंड तळव्याखाली धडधडत होतं. समोरचा आकडा ढिम्म हलत नव्हता. यंत्र म्हटलं की एवढं थरथरणारच, असं वाटलं आणि मी भियांनी पुढे केलेला पेढा घेतला.

मामंजी गेले. भिया म्हातारे होऊन घरी बसले. मीटर तेच आहे. आता बॉयलरपाशी भियांचा मुलगा असतो. नाचणारा काटा त्याने कधी पाहिलेलाच नाही.