आमच्या साइटवरचं ‘सेटल’

एकाच साइटवर वर्षानुवर्षं काढली की किस्से सिमेंटसारखे अंगावर चिकटतात. कितीही झटका, थोडे राहतातच. वाशीत नव्या इमारती उठत होत्या, तेव्हा मी एका कॉन्ट्रॅक्टरकडे ज्युनिअर इंजिनिअर होतो. ऑफिस म्हणजे पत्र्याची शेड. तिथे साहेब, इंग्रजी पत्रं लिहिणारे हेडक्लार्क कुलकर्णी आणि मी. आमच्या तोंडात एक इंग्रजी शब्द सारखा असायचा. सेटल.

*

जमीन खाडीतल्या भरावाची. पहिल्याच वर्षी एका बिल्डिंगच्या भिंतींना तडे गेले. गिरगावातली खोली विकून आलेले सावंत तक्रार घेऊन आले. साहेबांनी त्यांना समजावलं, घाबरू नका, भराव नवा आहे, बिल्डिंग अजून सेटल होतेय.

सावंत म्हणाले, "अहो, सेटल व्हायला आम्ही आलो होतो. बिल्डिंग नुसती उभी राहिली असती तरी चाललं असतं."

*

सानपाड्याचे जोमाकाका आमच्या शेडला सरकारी ऑफिस समजून यायचे. त्यांची भातशेती भूसंपादनात गेली होती आणि मोबदल्याची केस रखडली होती. हे ते ऑफिस नाही, असं सांगूनही ते दर महिन्याला यायचेच. एकदा कुलकर्णींनी चहा देऊन धीर दिला, केस सेटल होईल, जरा दम धरा.

काकांनी चहा संपवला. "बापालाबी ह्येच सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "तो मागल्या साली सेटल झाला."

*

रामलिंग नावाचा गवंडी होता. परांचीचे बांबू कुजलेत, बदलल्याशिवाय वर जाणार नाही, म्हणून तो अडून बसला. त्याचं बघून बाकीचेही खालीच थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बाकीचे सगळे मुकाट कामावर. साहेबांनी विचारलं तर मुकादम म्हणाला, "सेटल केला साहेब त्याला." समजूत काढली असेल, असं वाटून साहेब खूश झाले.

रविवारी मी रामलिंगला बघायला हॉस्पिटलात गेलो. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. काय झालं, विचारलं तर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, परांचीवरून पडलो.

तो परांचीवर चढलाच नव्हता.

*

पायाचा खड्डा खणताना कड ढासळली आणि हिरामण गाडला गेला. जवळच्याच गावातला, नुकतं लग्न ठरलेला पोरगा. तेराव्यानंतर साहेबांनी त्याच्या आईला बोलावून घेतलं. कुलकर्णींनी भरपाईचा कागद इंग्रजीत तयार केला होता. तिने फक्त अंगठा द्यायचा होता.

अंगठ्याला शाई लावली, तेव्हा तिने विचारलं, यात काय लिवलंय? कुलकर्णी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. शेवटच्या ओळीत ‘सेटल’ होतं. तिथे ते अडखळले. प्रकरण मिटलं, असं त्यांना तिच्या तोंडावर म्हणवेना. ते शब्दाच्या मुळाशी गेले.

"हा शब्द जुन्या इंग्रजीतला आहे, मावशी. बसायच्या जागेवरून आलाय. म्हणजे मुळात... एखाद्याला त्याच्या जागी नीट बसवणं."

तिने अंगठा पदराला पुसला.

"मंग बसवा नं त्याला," ती म्हणाली. "आमी तर आडवाच नेला."