तांबडीनं सोडलेली जागा

बागेच्या फाटकाशी मुलांना घोड्यावरून फेरी मारून आणणारा हा माणूस आपल्या दोन्ही घोड्यांच्या वाटचंही स्वतःच बोलायचा. यांना माया असते का हो, असं कुणी आई विचारायची. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे: चंदी-चारा पुढे टाकणारा तो बाप, बाकी सगळे आपल्या मनाचे खेळ. गेले सहा महिने तो हे जरा जास्तच जोरात सांगायचा. मनाला टोचत असलं की माणसाचा आवाज चढतो.

सहा महिन्यांपूर्वी त्यानं म्हातारा घोडा विकला होता. घोडा अधू झाला होता, त्याला घेऊन जायला व्यापाऱ्याची गाडी आली होती. चार माणसांनी ढकललं तरी म्हातारा गाडीला लावलेल्या फळीवर पाय ठेवीना. तेव्हा ह्या पठ्ठ्याला अक्कल सुचली. त्यानं तांबडी घोडी आधी वर चढवली. बारा वर्षं एका तबेल्यात काढलेली ती जोडी. म्हातारा तिच्या मागोमाग लंगडत मुकाट चढला. त्याला आत बांधलं, तांबडीला उतरवलं आणि फाळका लावला. व्यापारी म्हणाला, डोकं आहे तुम्हाला. तेव्हा ते ऐकून त्याला बरं वाटलं होतं, आणि आता त्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटे.

आज दुपारी तांबडीचं पोट फुगलं. संध्याकाळच्या आत दवाखान्यात आणा, नाहीतर हाती लागायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घोडा चढेल अशी गाडी त्या भागात एकच होती, त्या व्यापाऱ्याची. गाडी दारात आली, फळी खाली पडली, तसा तो तांबडीचा दोर धरून जागीच थांबला.

"ही चढायची नाही," तो बायकोला म्हणाला. "हिला पुढे करून मी म्हाताऱ्याचा केसानं गळा कापलाय."

"मला तर म्हणालात, तो आपणहून गेला."

"आपणहूनच गेला. हिच्या मागं."

बायकोनं त्याच्या हातातला दोर काढून घेतला.

पण दोर ओढावाच लागला नाही. तांबडी कण्हत, थांबत, आपली आपण फळी चढून गेली. गुणाची आहे हो घोडी, व्यापारी म्हणाला. आत जाऊन ती एका कडेला सरकली, शेजारी घोडाभर जागा सोडून उभी राहिली आणि मान मागे वळवून एकदा खिंकाळली.

घोडेवाला वर चढला आणि तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "चुकलो गं मी. तो नाही यायचा."

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे कान फळीकडे होते, मागून कुणी चढतंय का ते ऐकत.