एक तिरपी रेघ अन् एक फुली

पत्रा कापला की कातरण पडते, अन् साईटवर इंजिनिअर आला की किस्से! जन्मभर हवेच्या डक्ट बनवल्या. कातरण भंगारात गेली, किस्से डोक्यात साचून राहिले. पण आमच्या गावाबाहेर गोरेगाव रोडवरच्या एका शेठच्या मंगल कार्यालयानं तर एकट्यानंच पोतं भरलं.

तिथले इंजिनिअर साहेब नागपूरचे. पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, शिक्षण?"

म्हटलं, "चौथी. तेही मास्तर कंटाळला म्हणून!"

"मग ड्रॉइंग मी वाचणार, तुम्ही पत्रा कापायचा. टेस्टिंगला काही चुकलं, तर तुम्ही घरी."

* * *

ड्रॉइंगवर लिहिलं होतं ६०० × ३००, मिलिमीटरमध्ये. आमच्यात वरून दिसते ती रुंदी आधी, उंची नंतर. साहेबांनी उलटं करायला लावलं. "आकडे तेच आहेत ना?"

टांगली तर डक्ट एका फुटाऐवजी दोन फूट खाली लोंबली, स्टेजच्या दारातच! मी म्हटलं, "झकास साहेब! नवरदेव वाकूनच आत येईल. पुढं कामी पडते ती सवय."

* * *

शेठचा साळा सुपरवायझर. गोल पाइपाचा व्यास दाखवायला गोलावर तिरपी रेघ मारतात, ती पाहून म्हणाला, "काका, हा झिरो कायले कापला?"

म्हटलं, "ड्रॉइंगवाल्याला झिरोचा राग येते. शाळेत लय भेटले असतील."

पठ्ठ्यानं मान डोलावली अन् गोल रद्द समजून चौकोनी पाइप मागवला!

* * *

ड्रॉइंगवर भिंतीत चौकोनी खोका, खोक्यात फुली. म्हणजे इथून हवा आत येणार. कामठ्याच्या गंगाराम मिस्त्रीनं ती जागा विटांनी बुजवून टाकली.

"काऊन बुजवली गा?"

"फुली मारली हाय ना! चुकलेल्या गणितावर मास्तर मारे तशी."

मी त्याला चहा पाजला. साहेबापेक्षा याचं डोकं तरी चालून राहिलं होतं!

* * *

आता स्वयंपाकघर. तिथल्या खोक्यात फुली नाही, एकच तिरपी रेघ. म्हणजे हवा ओढून बाहेर फेकायची. साहेब म्हणाले, "दोन्ही एकच. काढणाऱ्यानं आळस केला. ही डक्ट हॉलच्या डक्टला जोडा."

"साहेब, धूर हॉलमध्ये येईल. गच्चीवर नेऊ."

"चौथी पास माणसानं पत्रा कापावा."

कापला. जोडला.

टेस्टिंगला शेठ आला. साहेबांनी त्याला स्टेजवर नवरदेवाच्या खुर्चीत बसवलं, बरोबर हवेच्या जाळीखाली. मी गेलो स्वयंपाकघरात. तिथं साईटवरच्या लोकांचा स्वयंपाक करणारी सुमनबाई चुलीशी. म्हटलं, "बाई, वाळल्या मिरच्यांची फोडणी टाक. पसाभर!" अन् पंख्याचं बटन दाबलं.

हॉलमध्ये येऊन पाहतो तर शेठ उपरण्यात तोंड खुपसून खोकून राहिला. त्यानं साहेबांच्या हातातलं ड्रॉइंग हिसकलं, माझ्या हातात कोंबलं. "काका, अब तुम बोलो!"

मी तोंड उघडायच्या आतच साहेब डोळे पुसत ओरडले, "सर, सिस्टिम परफेक्ट आहे! मिरचीच तिखट आहे!"