मूर्तीला दोरी

संध्याचं सासर पेणजवळच्या जोह्याचं, घरचा गणपतींचा कारखाना. नवरा जगन मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा. त्याच्या हातचेच डोळे हवेत म्हणून रोह्याचं एक मंडळ दरवर्षी मूर्ती इथूनच नेई. संध्या पेणला क्लासमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवायची.

मोठी मूर्ती टेम्पोत चढवली की तिला दोरी लावायची नाही, ही त्या घराची रीत. केबिन आणि मूर्ती यांच्यामध्ये माणूस बसायचा, तिला कवेत धरून.

"बांधा तरी तिला," गेल्या वर्षी संध्या म्हणाली होती.

"गो, देव म्हंजे काय गोठ्यातला बैल वाटला तुला?" जगन हसला. "मी हाय ना धरायला."

त्याच फेरीत नागोठण्याच्या अलीकडे गाय आडवी आली आणि थोरल्या दिरानं, सुभाषनं, ब्रेक दाबला. मूर्तीचा टवकाही उडाला नाही. मूर्तीचा पाट आणि केबिनचा पत्रा यांच्यात जगनचा उजवा हात चिरडला. बोटं हलतील, डॉक्टर म्हणाले. हलली, पण कुंचला धरवेना. देवानं माझा पोरगा राखला, असं सासू गावभर सांगत राहिली.

यंदा नववीला संध्यानं फळ्यावर गणित घातलं. गाडी थांबली, आतली ऐंशी किलोची वस्तू सरकत राहिली. सेकंदाला दोन मीटर वेगानं आदळली, सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. संवेगातला बदल एकशे साठ. त्वरण उणे वीस. बल सोळाशे न्यूटन.

"मॅडम, वस्तू कसली?" अपेक्षानं विचारलं.

"कसलीही. लिहून घे."

"माणसाला धरवेल ती?"

"नाही," म्हणून तिनं फळा पुसला.

रोह्याची मूर्ती निघाली. डोळे दुसऱ्याच कारागिरानं आखले होते. जगन टेम्पोकडे गेला.

"तुम्ही नका बसू."

"आखायला हात नाय. बसायला आंग तरी हाय ना? घरात बसून काय करू?"

संध्यानं वळणीवरच्या दोन जुन्या साड्या ओढल्या, पीळ दिला, टेम्पोत चढली. मूर्तीच्या कमरेभोवती फिरवून दोन्ही बाजूंच्या कड्यांना करकचून गाठी मारल्या. सासू तोंड फिरवून घरात गेली.

ती उतरल्यावर जगन वर चढला आणि गाठ सोडायला लागला. डाव्या हातानं ओढायचा. उजव्याची बोटं कापडावरून नुसतीच घसरायची. गाठ सुटेना. त्यानं कुणाला हाक मारली नाही. संध्या खाली उभी राहून बघत होती, पण मदतीला गेली नाही. सुभाषनं गाडी सुरू केली तेव्हाही तो गाठीशीच झटत होता.